पुढे चाल कोणाला?

१३ जानेवारी २०२२ या दिवशी दिल्लीत, इंडिया ओपन स्पर्धेत, नागपूरच्या दोन मुलींच्या वाट्याला दोन टोकांच्या गोष्टी आल्या. सात भारतीय खेळाडूंना कोविडची लागण झाल्याचे जागतिक बॅडमिंटन महासंघाने जाहीर केले आणि त्यांची नावे स्पर्धेतून काढली. किदंबी श्रीकांत आणि अश्विनी पोनप्पा यांच्याबरोबर त्या सातांत दुहेरीत खेळणारी नागपूरची रितिका ठक्करही होती. मुख्य फेरीत त्यांच्या जागी दुसरे कोणी घेतले जाणार नव्हते. समोर जो असेल त्याला पुढे चाल. त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत, नागपूरच्याच वीस वर्षांच्या मालविका बनसोडने सायना नेहवालला ३४ मिनिटांत २१-१७, २१-९ असे हरवले. इंग्लंडच्या संघाने तर स्पर्धा सुरू होण्याआधीच नाव मागे घेतले होते. दहा दिवसांनी लखनौला सय्यद मोदी स्पर्धेची अंतिम फेरी झाली. तिथे पी. व्ही. सिंधूची उपांत्य फेरीतली प्रतिस्पर्धी एव्हगेनिया कोसेत्स्काया पहिला गेम गमावून सामन्यातून निवृत्त झाली. पुरुष एकेरीचा अंतिम सामना तर झालाच नाही, कारण दोन फ्रेंच अंतिम खेळाडूंपैकी एकाची चाचणी पॉझिटिव्ह निघाली. महिलांचा अंतिम सामना मात्र झाला. त्यात मालविका सिंधूकडून १३-२१, १६-२१ अशी हरली, पण सुपर ३०० दर्जाच्या स्पर्धेचे उपविजेतेपद घेऊन नागपूरला परतली.

ते दिवस साथीचे होते, म्हणून या घटना अपवाद वाटतील. तशा त्या नाहीत. बॅडमिंटनच्या वरच्या पातळीवर आठवड्यागणिक कोणी ना कोणी माघार घेते, कोणाला तरी आयत्या वेळी जागा मिळते आणि कोणाला तरी न खेळता पुढे चाल मिळते. प्रेक्षक चिडतात, आयोजक हळहळतात, खेळाडूवर पळपुटेपणाचा आरोप होतो. या गोंधळात तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. माघार घ्यायची की नाही हे कोणी ठरवायचे? रिकामी झालेली जागा कोणाची? आणि रांगेत नसलेल्या एखाद्याला मुद्दाम आत घ्यायचे, म्हणजे वाइल्ड कार्ड द्यायचे, तर कोणत्या आधारावर? माझे म्हणणे असे की माघार हा खेळाडूचा हक्क आहे, रिकामी जागा हा रांगेतल्या पुढच्या खेळाडूचा हक्क आहे आणि वाइल्ड कार्ड हा कोणाचाच हक्क नाही. ते द्यायचेच असेल तर आधी लिहून ठेवलेल्या निकषाने, नाव डोळ्यांपुढे नसताना ठरवलेल्या निकषाने द्यावे. हे म्हणणे नागपुरात बसून मांडतो आहे, याला कारण आहे. या तिन्ही प्रश्नांचा सर्वांत बोलका पुरावा याच शहरात, मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात नोंदला गेला आहे.

त्याआधी सोडतीचा कागद जवळून पाहायला हवा, कारण सगळा खेळ त्यावरच लिहिलेला असतो. एकेरीची मुख्य फेरी बत्तीस जणांची असली तर डावीकडे बत्तीस ओळी असतात. आठ नावांपुढे चौकटी कंसात मानांकनाचा आकडा असतो. पहिला मानांकित सर्वांत वर, दुसरा सर्वांत खाली, बाकीचे ठरलेल्या घरांत चिठ्ठ्यांनी. उरलेल्या चोवीस जागी कोण कोणासमोर येईल ते नशीब ठरवते. पण या बत्तीस ओळींत यायचे कसे ते नशीब ठरवत नाही. ते क्रमवारी ठरवते. स्पर्धेच्या काही आठवडे आधी प्रवेशाची मुदत संपते, आलेली नावे क्रमवारीने लावली जातात आणि जागा भरल्यावर उरलेली नावे राखीव यादीत जातात. वरच्या कोणी माघार घेतली की राखीव यादीतले पहिले नाव आत सरकते. सोडत निघून गेल्यावर माघार आली, तर राखीव खेळाडू नेमका त्याच ओळीत बसतो, मग समोर जगातली पहिली असो की पन्नासावी. या यादीला ना चेहरा असतो ना वशिला. मला ही व्यवस्था बॅडमिंटनमधल्या सगळ्या नियमांत सर्वांत न्याय्य वाटते, आणि तरीही तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

आता मानकापूर. नोव्हेंबर २०१७ मध्ये ८२वी वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा तिथे झाली. सायना जवळपास दशकभराच्या खंडानंतर राष्ट्रीय स्पर्धेत उतरली होती, सिंधू होती, श्रीकांत आणि एच. एस. प्रणॉय होते. एवढे मोठे तारे एका राष्ट्रीय स्पर्धेत यावेत म्हणून एक सवलत ठेवली होती: एकेरीतल्या आघाडीच्या आठ खेळाडूंना थेट उपउपांत्यपूर्व फेरीत प्रवेश. म्हणजे अखेरच्या सोळांतल्या आठ जागा आधीच भरलेल्या, आणि देशभरातून आलेल्या बाकी सगळ्यांनी उरलेल्या आठ जागांसाठी झुंजायचे. याला कोणी वाइल्ड कार्ड म्हटले नाही, पण जात तीच: न खेळता मिळालेली वरची जागा. या सवलतीचे फळही दिसले. महिलांच्या अंतिम सामन्यात सायनाने सिंधूला २१-१७, २७-२५ असे हरवले, आणि दुसऱ्या गेमचा तो आकडाच सांगतो की दोघींनी जीव तोडून खेळ केला. पुरुषांत प्रणॉयने श्रीकांतला २१-१५, १६-२१, २१-७ असे नमवले. ८ नोव्हेंबरचा तो दिवस नागपूरच्या क्रीडा इतिहासात मोठाच म्हणावा लागेल.

पण श्रीकांतच्या बाजूने पाहा. २२ ऑक्टोबरला त्याने डेन्मार्क ओपन जिंकली. २९ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये फ्रेंच ओपन जिंकली. त्या वर्षातले त्याचे ते चौथे सुपर सीरिज विजेतेपद. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो जागतिक क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला आणि ८ तारखेला मानकापूरला तिसरा अंतिम सामना खेळला. अठरा दिवसांत तीन अंतिम सामने, दोन युरोपात आणि एक नागपुरात, मध्ये विमानप्रवास आणि हवामानाचा फरक. त्यानंतर दोनच दिवसांत बातमी आली की राष्ट्रीय स्पर्धेदरम्यान पायाचा स्नायू ताणला गेल्यामुळे तो पुढच्या आठवड्यातल्या चायना ओपनमधून माघार घेत आहे. क्रमवारीत पहिला क्रमांक हाताच्या अंतरावर असताना घेतलेली ती माघार होती. तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला एप्रिल २०१८ मध्ये. थेट प्रवेशाची सवलत खेळाडूंचे शरीर वाचवण्यासाठी दिली, असे त्या वेळी समर्थन करता आले असते. पण जिच्यामुळे वाचायचे तेच शरीर त्याच स्पर्धेत दुखावले. दोन-तीन प्राथमिक फेऱ्या वगळल्याने थकवा हटत नाही. थकवा त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत साचलेला होता.

यावर आक्षेप येईल की सवलत नसती तर तारे आलेच नसते. मग प्रेक्षक आले नसते, प्रायोजक आले नसते आणि नागपूरच्या पोरांना सायना-सिंधू समोर पाहायला मिळाल्या नसत्या. आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका लेखत नाही. मानकापूरच्या गॅलरीत बसून ज्या शाळकरी मुलांनी तो अंतिम सामना पाहिला, त्यांच्यासाठी ती पुस्तकात न मिळणारी शिकवणी होती. पण किंमत कोणी मोजली तेही पाहायला हवे. राष्ट्रीय स्पर्धेचे एक मोठे मोल असे की क्रमवारीत शंभराव्या असलेल्या मुलीलाही, चिठ्ठी तशी निघाली तर, पहिल्याच फेरीत ऑलिम्पिक पदकविजेतीसमोर उभे राहता येते. ती हरेल, बहुधा दोन गेममध्येच हरेल, पण आपल्यात आणि तिच्यात किती अंतर आहे ते तिला आकड्यांत कळेल. थेट प्रवेशाने ती वाट आठ जणींपुरती उरली. शिवाय मानांकन ही सवलत आधीच आहे. आठ मानांकित एकमेकांसमोर लवकर येत नाहीत, याची तजवीज सोडतीतच केलेली असते. त्यावर पुन्हा फेऱ्या माफ करणे म्हणजे एकाच माणसाला दोनदा वाढणे. ताऱ्यांना बोलवायचे तर स्पर्धेची तारीख त्यांच्या वेळापत्रकाला सोसेल अशी निवडावी. फ्रेंच ओपन संपल्यावर चौथ्या दिवशी राष्ट्रीय स्पर्धा सुरू करायची आणि मग फेऱ्या माफ करायच्या, हा आजार सोडून वेदनेवर इलाज झाला.

वेळापत्रकाचा मुद्दा जागतिक पातळीवर आणखी तीव्र आहे. २०१८ पासून जागतिक मालिकेत एकेरीतल्या पहिल्या पंधरा आणि दुहेरीतल्या पहिल्या दहा जोड्यांवर ठरावीक मोठ्या स्पर्धा खेळण्याची सक्ती आहे. २०२३ पासून चारही सुपर १०००, सहाही सुपर ७५० आणि दोन सुपर ५०० असा हा हिशेब झाला. सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले तर ५,००० डॉलर दंड. जानेवारी २०२६ मध्ये डेन्मार्कच्या अँडर्स अँटोन्सनने दिल्लीच्या प्रदूषित हवेचे कारण देऊन सलग तिसऱ्या वर्षी इंडिया ओपनमधून नाव काढून घेतले आणि दंड भरण्याची तयारी दाखवली. आपल्यापैकी अनेकांना ते झोंबले, देशाचा अपमान वाटला. मला त्यात अपमान दिसत नाही. तासभर धापा टाकत खेळणारा माणूस श्वासाचा हिशेब करणारच, आणि दिल्लीत हिवाळ्यात राहणाऱ्यांना त्या हवेबद्दल वेगळे सांगायची गरज नाही. दंड लावण्याचा महासंघाचा अधिकारही मी नाकारत नाही. नावे छापून तिकिटे विकायची आणि नाववाला आलाच नाही, तर प्रेक्षकाची फसवणूक होते हे खरेच. पण श्रीमंत खेळाडूला दंड परवडतो, शरीर परवडत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून दंडाने माघार थांबत नाही. क्रमवारीत मुळात वर्षभरातल्या सर्वोत्तम दहा निकालांचे गुण धरतात. मग त्याहून जास्त स्पर्धांची सक्ती कशासाठी? खेळाडूसाठी नव्हे, हे तर उघडच आहे.

माघारीकडे संशयाने पाहणाऱ्यांनी एकदा गुडघ्याकडे पाहावे. बॅडमिंटनमध्ये गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध बहुतेकदा धावताना तुटत नाही, उतरताना तुटतो. फूल बॅकहँडच्या कोपऱ्यात उंच मागे जाते. खेळाडू पाठ वाकवून, डोक्यावरून रॅकेट फिरवत उडी घेतो, आणि खाली येतो तो एकाच पायावर, रॅकेटच्या विरुद्ध बाजूच्या. धड अजून बाहेर झुकलेले, टाच टेकलेली, आणि सगळा भार त्या एका गुडघ्यावर आत वळलेला. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा गुडघा, डावखुऱ्याचा उजवा. स्पेनची डावखुरी कॅरोलिना मारिन जानेवारी २०१९ मध्ये जाकार्तात इंडोनेशिया मास्टर्सच्या अंतिम सामन्यात सायनाविरुद्ध १०-४ अशी पुढे असताना उजवा गुडघा धरून कोसळली. २०२१ मध्ये तिचा डावा गुडघा गेला आणि टोकियो ऑलिम्पिक हुकले. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत, पहिला गेम जिंकून दुसऱ्यातही पुढे असताना, पुन्हा उजवा. जिंकत असताना कोणी पळून जात नाही. एका खेळाडूच्या कारकिर्दीत तीन वेळा जे घडले, त्याला नियमांच्या पुस्तकात फक्त ‘निवृत्त’ असा एक शब्द आहे.

मग दुसरा आक्षेप उभा राहतो: अशा माघारीतून दुसऱ्याला जे मिळते ते फुकटचे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सायनाला कांस्यपदक मिळाले तेव्हा हेच कुजबुजले गेले, कारण चीनची वांग शिन पहिला गेम २१-१८ असा जिंकून दुसऱ्यात १-० अशी पुढे असताना गुडघ्यामुळे थांबली होती. पॅरिसमध्ये मारिन कांस्यपदकाच्या लढतीला उतरूच शकली नाही आणि इंडोनेशियाच्या ग्रेगोरिया मारिस्का तुनजुंगला पदक मिळाले. पण त्या सामन्यापर्यंत पोहोचायला या दोघींना किती जणींना हरवावे लागले? उपांत्य फेरी कोणी कोणाला दान दिलेली नव्हती. समोरचा पडला तेव्हा आपण तिथे उभे असणे, हीही कमावलेलीच गोष्ट आहे. उलट माघारीचा फटका बसलेलेही त्याच पॅरिसमध्ये होते. लक्ष्य सेनने ग्वाटेमालाच्या केविन कॉर्डनला हरवले, पण कॉर्डनने दुखापतीमुळे गटातून माघार घेतल्याने तो विजय नोंदीतूनच पुसला गेला. मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांचा जर्मन जोडीविरुद्धचा सामना मार्क लाम्सफुसच्या गुडघ्यामुळे रद्द झाला. म्हणजे एका माघारीने एकीला पदक दिले आणि दुसऱ्या माघारीने एकाचा जिंकलेला सामना काढून घेतला. यात न्याय-अन्याय शोधण्यापेक्षा नियम आधीपासून सर्वांना माहीत होता का, एवढेच विचारावे. इथे तो होता.

आणि इथे मालविका पुन्हा येते. पॅरिसनंतर अवघ्या महिनाभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, चांगझौला चायना ओपन झाली. ही सुपर १००० दर्जाची, म्हणजे जागतिक मालिकेतल्या सर्वांत वरच्या पायरीची स्पर्धा. मालविका तेव्हा क्रमवारीत ४३वी होती. बत्तीस जणींच्या फेरीत त्रेचाळिसाव्या क्रमांकाला जागा मिळते ती वरच्या काही जणींनी ती घेतली नाही म्हणूनच. ऑलिम्पिकनंतरचे ते आठवडे होते, दमलेल्या आणि दुखावलेल्या खेळाडूंचे. पहिल्याच फेरीत तिच्यासमोर आली तीच कांस्यपदक विजेती ग्रेगोरिया, आणि मालविकाने तिला २६-२४, २१-१९ असे हरवले. पुढच्या फेरीत स्कॉटलंडच्या कर्स्टी गिल्मोरला तीन गेममध्ये हरवून ती उपांत्यपूर्व फेरीत गेली आणि तिथे अकाने यामागुचीने तिला रोखले. ज्या रिकाम्या जागांना आपण स्पर्धेचा पोकळपणा म्हणतो, त्यांतल्याच एका जागेवर नागपूरच्या मुलीने हा निकाल उभा केला. तिला ती जागा कोणी बहाल केली नव्हती. मालदीव, नेपाळ, युगांडा, लिथुआनिया इथल्या छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकत गुणांची एकेक वीट रचून ती त्या रांगेत उभी राहिली होती. दार उघडले तेव्हा रांगेत तिचा नंबर होता, एवढेच. वाइल्ड कार्ड आणि राखीव यादी यांतला फरक मला या एका उदाहरणात पुरेसा स्पष्ट दिसतो.

तरीही वाइल्ड कार्डची बाजू दुबळी आहे असे मी म्हणणार नाही. तिचे सर्वांत भक्कम उदाहरण टेनिसमधले आहे. २००१ मध्ये खांद्याच्या दुखण्याने क्रमवारीत १२५व्या स्थानी घसरलेल्या गोरान इव्हानिसेविचला विम्बल्डनने वाइल्ड कार्ड दिले आणि तो विजेता ठरला. बॅडमिंटनमध्ये टेनिसइतकी ही मुभा नाही, पण तिथेही एक मोठे उदाहरण आहे. लंडनचे सुवर्ण जिंकल्यानंतर लिन डान जवळजवळ खेळलाच नाही. क्रमवारी घसरली, आणि २०१३ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्याच्याच देशात, ग्वांगझौला होती. त्याला वाइल्ड कार्ड मिळाले. तो अंतिम फेरीत पोहोचला, समोर मलेशियाचा ली चोंग वेई. तिसऱ्या गेममध्ये लिन डान २०-१७ असा पुढे असताना ली पायात गोळे आल्यामुळे उभाच राहू शकला नाही आणि लिन डान पाचव्यांदा विश्वविजेता झाला. वाइल्ड कार्डने आत आलेला आणि माघारीने जिंकलेला, एकाच सामन्यात दोन्ही. लिन डानच्या थोरवीबद्दल कोणाला शंका नाही. पण ली चोंग वेईने ते वर्षभर जगभर फिरून, आठवड्यामागून आठवडा खेळून आपली जागा राखली होती. त्याच्या आणि त्याच्यासारख्या प्रत्येकाच्या कष्टांपुढे ती एक चिठ्ठी कमी पडते, असे मला वाटते. इव्हानिसेविच दुखापतीने खाली गेला होता. लिन डान स्वेच्छेने थांबला होता. हा फरक निकषात लिहिता येतो. दुखापत किंवा बाळंतपण यांमुळे बाहेर राहिलेल्या खेळाडूची क्रमवारी ठरावीक काळ जपून ठेवण्याची तरतूद आज बॅडमिंटनमध्ये आहे, आणि ती वाइल्ड कार्डपेक्षा कितीतरी सरळ आहे.

यजमान संघटना म्हणतील, घरच्या कोवळ्या खेळाडूला संधी द्यायची ती कशी? पुण्याच्या बालेवाडीत २०२३ च्या महाराष्ट्र ओपन टेनिस स्पर्धेत पंधरा वर्षांच्या मानस धामणेला मुख्य फेरीचे वाइल्ड कार्ड दिले होते. तो अमेरिकेच्या मायकल मोहकडून २-६, ४-६ असा हरला, पण ती हार मुळीच लाजिरवाणी नव्हती, आणि पंधराव्या वर्षी त्या पातळीचा चेंडू अंगावर घेणे ही त्याची मिळकतच झाली. अशा वाइल्ड कार्डला माझा विरोध नाही. फक्त ते ‘आमच्या मर्जीतला’ या आधारावर न देता ‘राज्याच्या अठरा वर्षांखालील क्रमवारीतला पहिला’ किंवा ‘अमुक पात्रता स्पर्धेचा विजेता’ अशा आधारावर द्यावे, आणि तो आधार स्पर्धेच्या आधी छापावा. मुद्दाम दिलेली जागासुद्धा स्वच्छ असू शकते, हे सिंधूच्या २०१९ च्या उदाहरणात दिसते. त्या वर्षी जागतिक मालिकेच्या गुणतक्त्यात ती पंधरावी होती, आणि हंगामअखेरच्या स्पर्धेत जागा फक्त आठ. तरी ती ग्वांगझौला खेळली, कारण विद्यमान विश्वविजेत्याला प्रवेश द्यायचा हे नियमात आधीच लिहिलेले होते. कोणाला खटकले असेल, पण कोणाला धक्का बसला नाही. एप्रिल २०२२ मध्ये राष्ट्रकुल आणि इतर स्पर्धांसाठी भारतीय संघटनेने निवड चाचणी ठेवली, जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या पंधरांना थेट निवड आणि बाकीच्यांना चाचणी असा निकष जाहीर केला. सायना चाचणीला गेली नाही आणि गोल्ड कोस्टचे राष्ट्रकुल सुवर्ण नावावर असूनही संघात आली नाही. तिने नाराजी उघड बोलून दाखवली, आणि चाचणीचे दिवस कसे ठरले याबद्दल तिच्या तक्रारीत तथ्य असूही शकेल. पण निकष मोठ्या नावापुढे वाकला नाही, ही गोष्ट मी संघटनेच्या बाजूने मोजतो.

हे सगळे हुडकेश्वरातून पाहिले की आणखी एक गोष्ट लक्षात येते. हुडकेश्वर नागपूरच्या दक्षिण टोकाला, उमरेड मार्गाच्या बाजूला. एके काळची ग्रामपंचायत, आता महापालिकेच्या हद्दीतले ले-आउटच ले-आउट. मानकापूरचे संकुल शहराच्या पार उत्तरेला. इथल्या एखाद्या घरातल्या मुलीला चांगल्या कोर्टवर सराव करायचा तर अख्खे शहर ओलांडून जायचे आणि तेवढेच परत यायचे. शाळा, शिकवणी, घरच्यांची नोकरी या सगळ्यांतून तो वेळ काढायचा. ती जिल्हा पातळीवर जिंकली की राज्य, राज्यात टिकली की अखिल भारतीय मानांकन स्पर्धा. आणि अशा प्रत्येक स्पर्धेला रेल्वेचे आरक्षण, बरोबर आई किंवा बाबा, राहण्याची सोय, शटलच्या नळ्या. अशा घरासाठी राखीव यादीतला पहिला क्रमांक ही फार अवघड जागा असते. माघार कळायला उशीर झाला तर ती जागा वाया जाते. नागपूर देशाच्या मधोमध असले तरी इथून कोची किंवा गुवाहाटी गाठायला रेल्वेने दिवस-दीड दिवस सहज जातो. आदल्या रात्री फोन आला की ‘उद्या सकाळी जागा आहे’, तर ती जागा प्रत्यक्षात कोणासाठी आहे? जो आधीच तिथे पोहोचला आहे त्याच्यासाठी, म्हणजे ज्याला उगाच पोहोचून ठेवणे परवडते त्याच्यासाठी. यादी कागदावर आंधळी असली तरी घड्याळ तिला डोळे देते, आणि ते डोळे सधन घराकडे वळतात.

म्हणून माघार हा हक्क मानला तरी त्यासोबत एक जबाबदारी मी नक्की जोडतो: माघार कळताक्षणी कळवली पाहिजे. दुखणे सामन्याच्या दिवशी उद्भवले तर कोणाचाच इलाज नाही. तिथे दंडही नको आणि कुत्सित बोलणेही नको. पण दहा दिवस आधी ठरलेली माघार सोडत निघाल्यावर कळवणारा खेळाडू प्रेक्षकांपेक्षा जास्त नुकसान करतो ते रांगेतल्या पुढच्या मुलीचे, आणि दंड करायचाच तर तो या उशिराला करावा. दंडाची ती रक्कम आयत्या वेळी बोलावलेल्या राखीव खेळाडूच्या प्रवासखर्चाला द्यावी. यात नवे कार्यालय लागत नाही, नवा कर लागत नाही, फक्त एक ओळ नियमात लिहावी लागते.

जून २०२५ मध्ये जाकार्तात इंडोनेशिया ओपनच्या पहिल्या फेरीत मालविका माजी विश्वविजेत्या रॅचनॉक इंतानॉनविरुद्ध २१-१६, १६-१५ अशी पुढे होती. विजय पाच गुणांवर असताना गुडघा दुखावला आणि तिला सामना सोडावा लागला. इंतानॉनला पुढे चाल मिळाली. त्या निकालात कोणाची चूक नव्हती.

नागपूरच्या आणि विदर्भातल्या प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या स्पर्धेची सोडत भिंतीवर लावाल तेव्हा तिच्या शेजारी राखीव यादीही लावा. कोणी माघार घेतली तर तिची तारीख आणि वेळ त्या नावापुढे लिहा, राखीव खेळाडूला फोन कधी केला तेही लिहा. आणि एखाद्याला थेट आत घेतले असेल, तर कोणत्या निकषाने घेतले ते त्याच्या नावाखाली एका ओळीत, सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहा.